शुक्राणूला स्त्रीबीजाचा पत्ता कोण सांगतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात 'शुक्राणू आणि स्त्रीबीज यांचं मीलन होतं' असं एक वाक्य येतं आणि धडा पुढे सरकतो. ते मीलन होतं कसं, शुक्राणूला वाट कशी सापडते, याबद्दल विद्यार्थी, नवी जोडपी आणि वंध्यत्वावर उपचार घेणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात. ते प्रश्न इथे घेतले आहेत.

कोट्यवधी शुक्राणूंची शर्यत लागते आणि सगळ्यात वेगवान तो जिंकतो, हे खरं ना?

खरं नाही. हे चित्र मनात इतकं पक्कं बसलंय की त्यात स्त्रीचं शरीर म्हणजे नुसतं मैदान आणि स्त्रीबीज म्हणजे पलीकडे ठेवलेलं बक्षीस होऊन बसतं. प्रत्यक्षात या प्रवासाचा बराचसा भाग स्त्रीचं शरीर घडवून आणतं, आणि शेवटच्या टप्प्यात स्त्रीबीज आणि त्याच्याभोवतीच्या पेशी रसायनं सोडून शुक्राणूला दिशा देतात.

आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार एका वेळच्या वीर्यात किमान 3 कोटी 90 लाख शुक्राणू असणं ही संदर्भासाठी धरलेली खालची मर्यादा आहे. बहुतेकांमध्ये त्याहून कितीतरी जास्त असतात. गर्भनलिकेच्या, म्हणजे डॉक्टर जिला 'ट्यूब' म्हणतात तिच्या, ज्या रुंद भागात फलन होतं तिथे मात्र जेमतेम काही शेकडा पोहोचतात. बाकीचे योनीतल्या आम्लतेत, गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात, पांढऱ्या पेशींच्या तावडीत किंवा नुसतेच बाहेर ओघळून संपतात.

वेगाचं म्हणाल, तर शुक्राणू शेपटीसकट मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो आणि मिनिटाला काही मिलिमीटर अंतर कापतो. तरीही गर्भाशयमुखाशी वीर्य सोडल्यावर पाच मिनिटांच्या आत ट्यूबमध्ये शुक्राणू सापडल्याची नोंद 1973 मध्ये झाली आहे. स्वतः पोहून इतक्या लवकर तिथे पोहोचणं शक्यच नाही. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि शुक्राणू वर ढकलले जातात. सशांवरच्या अभ्यासात तर असे झटपट पोहोचलेले शुक्राणू बहुतांशी निकामी झालेले दिसले. म्हणजे पहिला आलेलाच उपयोगी पडतो असंही नाही.

खरा प्रश्न वेळेचा असतो. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतो. सुटलेलं स्त्रीबीज मात्र जेमतेम बारा ते चोवीस तास. म्हणूनच गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस साधारण सहा धरतात: स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच.

मग रसायनाचं काम नेमकं कुठे सुरू होतं?

अगदी शेवटी. रसायनाचा प्रभाव काही मिलिमीटरच्या पलीकडे फारसा पोहोचत नसावा, कारण द्रव हलता असतो आणि त्यात संहतीचा, म्हणजे रसायनाच्या दाटपणाचा, व्यवस्थित चढ टिकून राहत नाही. त्याआधीच्या वाटेवर शुक्राणूला दुसऱ्या खुणा मिळतात. ट्यूबमधला द्रव गर्भाशयाच्या दिशेने वाहतो आणि शुक्राणू प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून पोहतात. उंदराच्या आणि माणसाच्या शुक्राणूंमध्ये हे 2013 मध्ये स्पष्ट दाखवलं गेलं. दुसरी खूण तापमानाची. सशाच्या ट्यूबमध्ये शुक्राणू थांबतात ती जागा आणि फलनाची जागा यांत एक ते दोन अंशांचा फरक असतो, आणि उबेच्या दिशेने शुक्राणू वळतात असं 2003 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायकेल आयझेनबाख यांच्या गटाने दाखवलं.

या सगळ्यातून पार पडून शुक्राणू जवळ आला की मग रसायनाची खूण कामी येते. एखाद्या रसायनाच्या वाढत्या संहतीकडे पेशीने जाणं याला केमोटॅक्सिस म्हणतात. मराठी विज्ञान-लेखनात रसायनानुचलन असंही लिहितात.

माणसात हे रसायन कोणतं?

सर्वात भक्कम दावेदार प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. स्त्रीबीज अंडाशयातून सुटतं तेव्हा उघडंबोडकं नसतं; त्याच्याभोवती क्युम्युलस पेशींचा जाड, चिकट थर असतो. या पेशी प्रोजेस्टेरॉन तयार करत राहतात, त्यामुळे स्त्रीबीजाच्या जवळ ते जास्त आणि दूर जाऊ तसं कमी, असा चढ तयार होतो. अर्जेंटिनातल्या कॉर्दोबा इथल्या गटाने 2006 मध्ये दाखवलं की पिकोमोलर पातळीवरचं, म्हणजे अक्षरशः नगण्य वाटावं इतकं पातळ केलेलं प्रोजेस्टेरॉनसुद्धा माणसाच्या शुक्राणूंना आपल्याकडे वळवतं.

पण सगळं श्रेय एकट्या प्रोजेस्टेरॉनला देता येत नाही. 2005 मध्ये वाइझमन संस्थेच्या गटाने पक्व स्त्रीबीज आणि क्युम्युलस पेशी वेगळ्या करून तपासल्या, तेव्हा दोन्हीही शुक्राणूंना ओढणारं काहीतरी स्रवत होत्या. स्त्रीबीज स्वतः काय सोडतं, त्या रेणूची ओळख प्रोजेस्टेरॉनइतकी पक्की झालेली नाही.

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?

एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, आणि तेही नेच्यांमध्ये. जर्मनीतले विल्हेल्म फेफर यांनी 1884 मध्ये केलेलं काम या विषयाची सुरुवात मानलं जातं.

नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागचे बीजाणू जमिनीवर पडतात आणि त्यातून नखाएवढं, हृदयाच्या आकाराचं पातळ हिरवं पान उगवतं. त्या पानाच्या खालच्या अंगाला नर आणि मादी अवयव असतात. पावसाचं पाणी साचून पातळ थर झाला की नर अवयव फुटतात आणि मळसूत्रासारखे पिळलेले, अनेक शेपट्यांचे शुक्राणू पोहायला लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीच्या ओल्या कठड्यावर हंसराज उगवतो, सह्याद्रीतल्या दरडी नेच्यांनी भरून जातात. तिथे हे सगळं आपल्या पायाशी चाललेलं असतं.

फेफर यांनी केसासारखी बारीक काचनळी घेतली, एका टोकाला बंद केली, तिच्यात मॅलिक आम्लाचं पातळ द्रावण भरलं आणि शुक्राणू पोहत असलेल्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. शुक्राणू नळीच्या तोंडाकडे वळले आणि आत शिरून गोळा झाले. सफरचंदाला आंबटपणा येतो तो याच आम्लाने. मॉसच्या शुक्राणूंना मात्र हे आम्ल चाललं नाही; ते उसाच्या साखरेकडे गेले. म्हणजे एका गटाची खूण दुसऱ्याच्या कामाची नाही, हेही तेव्हाच दिसलं. महागडं काही नाही, एक काचनळी आणि नीट लावलेला डोळा. या विषयातला मला सर्वात आवडणारा प्रयोग हाच.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे पाहता येईल का?

येईल. पानामागे तपकिरी ठिपके धरलेली नेच्याची पानं कागदात गुंडाळून सुकवा, बीजाणू झडतात. ते ओल्या, उकळून निर्जंतुक केलेल्या मातीवर पसरून झाकून ठेवा. काही आठवड्यांत ती हिरवी पानं तयार होतात. एक उचलून पाण्याच्या थेंबात ठेवलं की थोड्याच वेळात शुक्राणू बाहेर पडताना दिसू शकतात; लगेच दिसले नाहीत तर दुसरं पान घ्या, पक्व झालेलं हाती लागेपर्यंत. परदेशी शाळांमध्ये यासाठी सेराटॉप्टेरिस नावाचा झटपट वाढणारा नेचा वापरतात. मॅलिक आम्ल कॉलेजच्या रसायनांच्या कपाटात बहुतेक वेळा असतंच. फक्त द्रावण फार तीव्र करू नका. तीव्र द्रावणात शुक्राणू आत न येता दूर पळतात.

सगळी पुस्तकं सी अर्चिनबद्दलच का बोलतात? माणसाशी त्याचा काय संबंध?

सी अर्चिन म्हणजे काटेरी गोल कवचाचा समुद्री प्राणी. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवरही सी अर्चिन आढळतात. नर आणि मादी दोघंही आपापल्या पेशी सरळ समुद्रात सोडतात, त्यामुळे आख्खा प्रकार काचेच्या बशीत जसाच्या तसा घडवून बघता येतो. शुक्राणूही अब्जावधींनी मिळतात. माणसाच्या शरीरात डोकावून जे बघणं अशक्य, ते इथे उघड्यावर चालतं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अर्बेशिया पंक्च्युलाटा या जातीच्या अंड्याभोवती जेलीचा थर असतो. त्या जेलीतून 14 अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण आखूड साखळी, वेगळा केला गेला, त्याचं नाव रिसॅक्ट. 1985 मध्ये झालेला प्रयोग असा: काचपट्टीवर शुक्राणू सगळीकडे सारखे पसरलेले आहेत, मध्ये रिसॅक्टचा अगदी पातळ सूक्ष्म थेंब सोडला. बघता बघता शुक्राणू त्या जागी दाटले. मग समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम काढून टाकलं. शुक्राणू पोहत राहिले, पण गोळा होणं थांबलं. त्या एका फरकाने सगळ्या पुढच्या संशोधनाची दिशा ठरली: रेणू बाहेरून हाक देतो, पण सुकाणू फिरवतं ते कॅल्शियम.

आत काय घडतं ते पुढच्या वीस वर्षांत उलगडलं. शुक्राणूच्या शेपटीवर रिसॅक्टसाठीचे सुमारे तीन लाख ग्राही, म्हणजे तो रेणू पकडणाऱ्या जागा, असतात. रेणू ग्राहीला चिकटला की पेशीत सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो. त्याने पोटॅशियमच्या मार्गिका, म्हणजे पेशीच्या आवरणातली दारं, उघडतात, पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो, आतली आम्लता कमी होते आणि मग कॅल्शियमची मार्गिका उघडून कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम वाढलं की शेपटीचा फटका एका बाजूला जास्त पडतो आणि शुक्राणू वळतो. कॅल्शियम उतरलं की फटका पुन्हा समान होतो आणि तो सरळ जातो. हे सगळं एका सेकंदापेक्षा कमी वेळात. जर्मनीतल्या बेंजामिन काउप्प यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवलं की रिसॅक्टचा एकच रेणू चिकटला तरी शुक्राणू दखल घेतो. इतकी तीक्ष्ण संवेदना फार थोड्या पेशींमध्ये आढळते.

शुक्राणूला नाक नाही, मेंदू नाही. मग डावीकडे जायचं की उजवीकडे, हे त्याला कळतं कसं?

डावी बाजू आणि उजवी बाजू यांची तो तुलना करतच नाही. त्याचं डोकं मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढं. एवढ्याशा अंतरात दोन बाजूंच्या संहतीतला फरक नगण्य असतो. तो तुलना करतो ती आत्ताच्या क्षणाची आणि मागच्या क्षणाची. रात्री अंगणात रातराणी कुठे फुललीये हे शोधताना आपण चार पावलं टाकतो आणि वास वाढला की कमी झाला एवढंच बघतो, तसं.

यासाठी सी अर्चिनच्या शुक्राणूचं पोहणंच सोयीचं आहे. काचेला लागून तो वर्तुळात फिरतो, मोकळ्या पाण्यात मळसूत्री वाटेने जातो. प्रत्येक फेरीत अर्धा वेळ तो रसायनाच्या दिशेने असतो, अर्धा वेळ उलट. रेणू चिकटण्याचं प्रमाण वाढतं आणि घटतं, तसं कॅल्शियमही चढतं आणि उतरतं, आणि वळण नेमकं अशा क्षणी येतं की पुढची फेरी थोडी स्रोताकडे सरकते. एकेका फेरीत थोडं थोडं करत तो अंड्यापर्यंत येतो. सरळ बाणासारखा जाणारा शुक्राणू चित्रात असतो, पाण्यात नाही.

माणसाच्या शुक्राणूत ही यंत्रणा जशीच्या तशी नाही. संहती वाढत असेपर्यंत तो आहे त्या दिशेने जातो, वाढ थांबली की शेपटी जोरात आपटून दिशा बदलतो, असं निरीक्षणांवरून दिसतं.

कॅटस्पर म्हणजे काय? डॉक्टरांच्या बोलण्यात हल्ली हा शब्द येतो.

शुक्राणूच्या शेपटीतली कॅल्शियमची मार्गिका. 2001 मध्ये अमेरिकेत डेव्हिड क्लॅपहॅम यांच्या प्रयोगशाळेत ती सापडली. ज्या नर उंदरांमधून तिचं जनुक काढून टाकलं, त्यांचे शुक्राणू दिसायला ठणठणीत होते, पण एकालाही पिल्लू झालं नाही. ती शरीरात शुक्राणूंशिवाय दुसरीकडे कुठे कामाला नसते. 2014 मध्ये अतिसूक्ष्म प्रतिमांत दिसलं की ती शेपटीवर इतस्ततः विखुरलेली नसून लांबीच्या दिशेने चार ओळींत मांडलेली असते.

प्रोजेस्टेरॉनचा आणि तिचा संबंध 2011 मध्ये जुळला. एकीकडे कॅलिफोर्नियात पोलिना लिश्को आणि युरी किरिचोक, दुसरीकडे जर्मनीत काउप्प यांचा गट. दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की प्रोजेस्टेरॉन लागताच माणसाच्या शुक्राणूतली ही मार्गिका क्षणार्धात उघडते. प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरकं एरवी पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांवर काम करतात आणि त्याला तास लागतात. इथे मात्र परिणाम लगेच. हे कसं, याचा एक दुवा 2016 मध्ये मिळाला: शुक्राणूच्या आवरणावरच्या एबीएचडी2 या विकराला (एन्झाइमला) प्रोजेस्टेरॉन चिकटतं, ते विकर कॅटस्परला दाबून ठेवणारा मेदयुक्त रेणू तोडून टाकतं आणि मार्गिका मोकळी होते.

उंदरांवर प्रयोग करून माणसाचं कळत नाही का?

या बाबतीत नाही. उंदराच्या शुक्राणूतही कॅटस्पर असते, पण ती प्रोजेस्टेरॉनने अशी उघडत नाही. एकाच्या निष्कर्षावरून दुसऱ्याबद्दल बोलणाऱ्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवा.

सगळे शुक्राणू या रसायनाला प्रतिसाद देतात का?

नाही, आणि हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वीर्यातून नुकताच आलेला शुक्राणू फलन करू शकत नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्यावर त्याच्या आवरणात बदल होतात आणि मगच तो तयार होतो. या तयारीला कपॅसिटेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियात ऑस्टिन आणि अमेरिकेत चँग यांनी 1951 मध्ये वेगवेगळे प्रयोग करून ती शोधली. वाइझमन संस्थेच्या 1995 च्या अभ्यासात दिसलं की माणसात कोणत्याही क्षणी साधारण दहा टक्केच शुक्राणू या तयार अवस्थेत असतात, ती अवस्था एक ते चार तास टिकते, आणि रसायनाकडे वळतात ते हेच. त्यांची तयारी उतरली की दुसरे तयार होतात.

स्त्रीबीज कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून शुक्राणूंनी पाळीपाळीने तयार राहणं सोयीचं आहे. आणि स्त्रीबीजाकडून येणारी खूण फक्त तयार असलेल्यांनाच कळत असल्यामुळे उगाच गर्दी होत नाही.

म्हणजे माणसात हे सिद्ध झालंय असं म्हणायचं का?

बशीतल्या प्रयोगांत, हो. जिवंत शरीराच्या आत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. बशीतही फसायला होतं. एखाद्या जागी शुक्राणू जास्त जमले म्हणजे ते तिकडे ओढले गेले असं होत नाही. तिथे आल्यावर त्यांचा वेग मंदावला किंवा ते चिकटून बसले तरी गर्दी तशीच दिसते. म्हणून एकेका शुक्राणूची वाट आखून तो स्रोताकडे वळला का, हे तपासावं लागतं. दहातला एखादाच प्रतिसाद देणारा असल्यामुळे हा परिणाम मोजायलाही नाजूक आहे. 1991 मध्ये वाइझमन संस्थेच्या गटाने स्त्रीच्या अंडाशयातल्या पुटक-द्रवाकडे, म्हणजे स्त्रीबीज ज्या पिशवीत वाढतं तिच्यातल्या द्रवाकडे, शुक्राणू जमतात, आणि ज्या पुटकातल्या स्त्रीबीजाचं पुढे फलन झालं त्याच्या द्रवाकडे जास्त जमतात, असं दाखवलं तेव्हा नेमक्या याच शंका घेतल्या गेल्या. त्या शंकांमुळेच पुढचे प्रयोग अधिक काटेकोर झाले.

शुक्राणूंना फुलांचा वास येतो असं वाचलं. खरं आहे?

नाकात असतात तशा ग्राहींची जनुकं वृषणातही चालू असतात हे 1992 मध्ये कळलं. 2003 मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठात हान्स हाट यांच्या गटाने बुर्जेओनाल हे 'लिली ऑफ द व्हॅली' फुलासारखा वास असणारं रसायन वापरलं आणि माणसाचे शुक्राणू त्याकडे वळले. बातमी जगभर गाजली. पण 2012 मध्ये काउप्प यांच्या संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की अशी सुगंधी रसायनं थेट कॅटस्पर मार्गिकाच उघडतात, आणि तेही बऱ्यापैकी तीव्र असली तरच. तेव्हा अत्तर, परफ्यूम लावल्याने गर्भधारणेला काही फायदा नाही.

स्त्रीबीज शुक्राणूची निवड करतं का?

2020 मध्ये स्टॉकहोम विद्यापीठाचे जॉन फिट्झपॅट्रिक आणि मँचेस्टरच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधले सहकारी यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार घेणाऱ्या जोडप्यांमधल्या स्त्रियांचा पुटक-द्रव आणि पुरुषांचे शुक्राणू अदलाबदल करून तपासले. एका स्त्रीचा द्रव एका पुरुषाच्या शुक्राणूंना जास्त ओढायचा, दुसरीचा दुसऱ्याच्या. आणि तो पुरुष तिचा जोडीदारच असेल असं नव्हतं.

यावरून 'आमचं जुळत नाही म्हणून मूल होत नाही' असा अर्थ कोणी काढू नये. तो बशीतला फरक होता, आणि त्यावरून एखाद्या जोडप्याच्या गर्भधारणेबद्दल काहीच सांगता येत नाही. पण स्त्रीबीज निमूट वाट बघत बसलेलं असतं, या समजाला मात्र त्याने चांगलाच धक्का दिला.

इतर प्राण्यांत कोणकोणती रसायनं असतात?

विलक्षण वेगवेगळी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या लाल ॲबलोन या शिंपल्यातल्या प्राण्याची अंडी ट्रिप्टोफॅन सोडतात, जे आपल्या डाळी-दुधातही असणारं साधं अमिनो आम्ल आहे. सायोना या समुद्री प्राण्याची अंडी गंधकयुक्त स्टेरॉइड सोडतात. त्याची रचना जपानी संशोधकांनी 2002 मध्ये मांडली. एका बेडकाच्या अंड्याच्या जेलीत यासाठी चक्क एक प्रथिन असतं. समुद्रात एकाच वेळी अनेक जातींच्या पेशी तरंगत असताना, आपल्याच जातीचं अंडं सापडायला हा वेगळेपणा उपयोगी पडतो. सी अर्चिनच्या एका गटातल्या जातीचा पेप्टाइड दूरच्या गटातल्या जातीच्या शुक्राणूला हलवत नाही.

आणि फुलझाडं? त्यांचे परागकण तर पोहत नाहीत.

त्यांच्या शुक्रपेशींना शेपूट नसतं, पण परागनलिका असते. ती वाढत जाऊन शुक्रपेशी बीजांडापर्यंत पोहोचवते, आणि तिलाही रसायनच वळवतं. टोरेनिया या बागेतल्या झाडाचा भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी असलेला भाग, बीजांडाबाहेर उघडा असतो, म्हणून जपानमधल्या हिगाशियामा यांच्या गटाने ते निवडलं. 2001 मध्ये त्यांनी अंडपेशीशेजारच्या दोन साहाय्यक पेशी लेसरने मारून पाहिल्या. दोन्ही मेल्या की परागनलिका भरकटायच्या. 2009 मध्ये त्या पेशींतून स्रवणारे पेप्टाइड हाती लागले आणि त्यांना 'ल्यूर' हे नाव दिलं गेलं.

आयव्हीएफमध्ये ही दिशा लागते का?

जवळजवळ नाही. आयव्हीएफमध्ये फलन शरीराबाहेर होतं; बशीत एका स्त्रीबीजाभोवती साधारण पन्नास हजार ते एक लाख चांगले शुक्राणू ठेवतात. शोधायला अंतरच उरत नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली हर्षा हे टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, ती याच पद्धतीने. 1992 मध्ये ब्रुसेल्समधून पुढे आलेल्या इक्सी पद्धतीत तर एक शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात, तिथे पोहण्याचाही प्रश्न येत नाही. उलट दिशेने विचार करणारेही आहेत: प्रोजेस्टेरॉनच्या चढाकडे वळणारे शुक्राणू वेगळे काढून उपचारासाठी वापरता येतील का, यावर कॉर्दोबाच्या गटाने उपकरण बनवून काम केलं आहे.

सीमेन रिपोर्ट नॉर्मल आहे. मग शुक्राणूंना वाट सापडत नाही, असं असू शकतं का?

काही थोड्या पुरुषांत असू शकतं. नेहमीच्या तपासणीत संख्या, हालचाल आणि आकार बघतात. कॅटस्पर काम करते का, हे त्यात कळत नाही. ही मार्गिका जन्मतः नसलेल्या पुरुषांचे आकडे नॉर्मल येऊ शकतात, आणि तरी गर्भ राहत नाही. साधं आयव्हीएफही फसतं. अशांना इक्सीचा उपयोग होतो. त्यासाठीची तपासणी सरसकट उपलब्ध नाही, आणि बहुतेक जोडप्यांची अडचण ही नसते, म्हणून पहिल्याच भेटीत याचा ध्यास घेऊ नका.

एक विनंती मात्र मनापासून आहे. मूल होत नसेल तर पुरुषाची तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. ती सोपी आणि स्वस्त आहे. सुनेला वर्षभर गोळ्या-इंजेक्शनं चालू आणि मुलाचा साधा रिपोर्टही नाही, असं घराघरांत अजून होतं.

डॉक्टरांनी मला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्यात. त्या शुक्राणूंना ओढण्यासाठी आहेत का?

नाही. त्या गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजण्याजोगं ठेवण्यासाठी देतात. शुक्राणूला दिशा मिळते ती संहतीच्या फरकातून. गोळीने सगळ्या शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्यातून दिशा कशी मिळणार? गोळ्या सांगितल्या तशा आणि सांगितल्या तेव्हाच घ्या. स्वतःहून सुरू करू नका.

'स्त्रीबीजाचं आकर्षण वाढवणारी' पावडर मिळते, घ्यावी का?

घेऊ नये. असं काही करणारं औषध, पावडर किंवा काढा अस्तित्वात नाही.

मुलगा व्हावा यासाठी ठरावीक शुक्राणूंना वळवता येतं का?

येत नाही. मुलगा होणारे शुक्राणू वेगवान आणि मुलगी होणारे सावकाश, ही जुनी समजूत; संगणकाने वेग मोजला तेव्हा तसा फरक आढळला नाही. आहार, तिथी, संभोगाची वेळ यांचे सल्ले याच समजुतीवर उभे आहेत. शिवाय गर्भधारणेच्या आधी किंवा नंतर लिंग निवडणं हा आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्याने गुन्हा आहे. असा सल्ला विकणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

ही वाटच बंद करून गर्भनिरोधक बनवता येईल का?

कल्पना चांगली आहे आणि तिच्यावर काम चालू आहे. कॅटस्पर फक्त शुक्राणूत असल्यामुळे तिला रोखणाऱ्या औषधाचा बाकी शरीरावर परिणाम होऊ नये अशी अपेक्षा आहे, आणि संप्रेरकांना हात लावावा लागणार नाही. कॅटस्पर बंद झाली की शुक्राणूला दिशा बदलता येत नाही, आणि स्त्रीबीजाच्या आवरणातून आत घुसायला लागणारा शेपटीचा जोरकस फटकाही मारता येत नाही. असं औषध पुरुषाने किंवा स्त्रीने, कोणीही वापरावं अशी सोय होऊ शकते. अडचण अशी की प्रयोगशाळेत कॅटस्परला रोखणारे जे रेणू मिळालेत, ते जास्त प्रमाणात इतर मार्गिकांनाही त्रास देतात. दुकानात मिळेल असं यातलं एकही औषध आज नाही, तेव्हा सध्याच्या साधनांपैकी आपल्याला योग्य कोणतं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.